'विथ' सोबतचा की विरुद्धचा? हुतात्म्यांच्या फलकावरचा एक शब्द

सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा: १२ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी नववीच्या मुलांकडून चार हुतात्म्यांवर इंग्रजीत फलक लिहून घेतला. त्यात एक वाक्य होतं, 'दे फॉट विथ द ब्रिटिश'. पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी ते वाचलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की 'विथ' म्हणजे 'सोबत', म्हणजे या वाक्यात हुतात्मे इंग्रजांच्या बाजूने लढले असं होतं. मुलं हिरमुसली. बाईंनी घरी येऊन शब्दकोश उघडला, तर 'फाइट विथ'चे दोन्ही अर्थ दिलेले. मग चूक कुणाची? आणि एकच शब्द सोबतचाही कसा आणि विरुद्धचाही कसा?

बाई, आधी मुलांना सांगा की त्यांचं वाक्य चुकलेलं नाही. 'विथ' लावून एखाद्याशी लढणं हा अर्थ इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. 'सोबत' हाच अर्थ मागाहून आला. पाहुण्यांनी जो मूळ धरला तो धाकटा अर्थ. तरीही त्या फलकावर मी 'अगेन्स्ट' लिहिलं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, त्या कशा ते नीट सांगते. गेली एकतीस वर्षं मी सोलापुरात इंग्रजी शिकवते आहे, यंत्रमागवाल्यांची पत्रं आणि करार मराठीत-इंग्रजीत करून देते आहे, आणि या एका शब्दयोगी अव्ययाने मुलांना जितकं छळताना पाहिलं तितकं दुसऱ्या कुठल्याही नाही.

आपल्याच गावची दोन उदाहरणं घेऊ. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, शहरावर मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली. त्यांच्याबद्दल तुमच्या मुलांनी लिहिलं, 'दे फॉट विथ द ब्रिटिश'. आता डॉ. द्वारकानाथ कोटणीस. तेही सोलापूरचेच. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्याबद्दल कुणीही सहज लिहील, 'ही सर्व्ड विथ द चायनीज आर्मी'. पहिल्या वाक्यातला 'विथ' माणसाला समोर उभा करतो, दुसऱ्यातला शेजारी. दोन्ही वाक्यं व्याकरणाने निर्दोष. अर्थ कळतो तो क्रियापदावरून आणि इतिहास माहीत असल्यामुळे.

आणि फलकाची अडचण नेमकी तिथेच आहे. सोलापूरच्या माणसाला इतिहास ठाऊक आहे, बाहेरच्याला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. परदेशी वाचकाला 'इंडियन्स हू फॉट विथ द ब्रिटिश' म्हटलं की तो त्या सैनिकांचा विचार करेल, आणि त्याचा काही दोष नसेल. म्हणून जिथे दोन्ही अर्थ इतिहासात खरोखर घडलेले आहेत तिथे 'अगेन्स्ट' लिहावं. हा सल्ला वाचकाच्या सोयीचा आहे, चूक सुधारण्याचा नाही. मुलांना हा फरक आवर्जून सांगा.

आता हा शब्द असा दुतोंडी झाला कसा, ते बघू. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, जिला जुनी इंग्रजी म्हणतात, 'सोबत' या अर्थाचा शब्द वेगळाच होता: 'मिद'. जर्मन भाषेत तो आजही 'मिट' म्हणून जिवंत आहे. 'विथ' हाही शब्द तेव्हा होता, पण त्याचं काम निराळं होतं. समोर, विरुद्ध, दिशेने, लगत, बदल्यात, असे त्याचे अर्थ. पुढच्या नामाची विभक्ती बदलली की अर्थाची छटा बदलायची. त्याच कुळातला जर्मन शब्द 'वीडर', त्याचा अर्थ आजही 'विरुद्ध' असाच आहे. आणखी मागे गेलं तर हे घराणं आपल्या ओळखीच्या एका उपसर्गापाशी येऊन थांबतं: संस्कृतातला 'वि'. वियोग, विभाग, विच्छेद यांतला वेगळेपणा दाखवणारा 'वि'. म्हणजे ज्या शब्दाने आज इंग्रज माणूस 'तुझ्यासोबत' म्हणतो, त्याच्या मुळाशी 'वेगळा, पलीकडचा' ही कल्पना आहे.

त्या काळची वैद्यकाची हस्तलिखितं आहेत, दहाव्या-अकराव्या शतकातली. त्यांतला उपाय पुष्कळदा 'विथ' या शब्दाने सुरू होतो आणि पुढे रोगाचं नाव येतं. डोकेदुखी असेल तर 'विथ हेआफोद-एचे'. आजच्या इंग्रजीने वाचायला गेलं तर 'डोकेदुखीसोबत' असं होईल! अर्थ आहे डोकेदुखीविरुद्ध, डोकेदुखीवर. आपण 'खोकल्यावर औषध' म्हणतो, रोगावर चाल करून गेल्यासारखं. त्यांनी रोगासमोर औषध उभं केलं. वर्गात मी हे उदाहरण दिलं की मुलं एकदम जागी होतात, कारण घरी आजीच्या तोंडून 'तापावर काढा' त्यांनी ऐकलेलं असतं.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याची जी एकमेव हस्तलिखित प्रत उरली आहे ती साधारण इ. स. १००० च्या आसपासची. त्यात नायकाला भर दरबारात एकजण टोचून विचारतो, की समुद्रात ब्रेकाशी पोहण्याची पैज लावणारा बेओवुल्फ तो तूच ना? तिथे 'ब्रेकाशी'साठी 'विथ' आहे. पैज कशी असते बघा. ती दोघांची असते, दोघं एकाच पाण्यात असतात, आणि दोघं एकमेकांविरुद्ध असतात. सोबत आणि विरुद्ध या दोन अर्थांमधला पूल अशाच क्रियापदांवर बांधला गेला. झुंजणं, पैज लावणं, सौदा करणं, वाद घालणं, बोलणं, तह करणं. या सगळ्यांत समोरचा माणूस समोर असतो, पण त्याच्याशिवाय ते काम होतही नाही. शत्रूशी लढायला शत्रू लागतो. समोरासमोरच्या कामांत वापरता वापरता 'विथ'ला 'मिळून'चा रंग चढत गेला.

त्यात बाहेरून जोर मिळाला तो डेन लोकांचा, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्यांचा. ८६५ साली त्यांची मोठी फौज इंग्लंडमध्ये उतरली, पुढे उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा मुलूख त्यांच्या ताब्यात राहिला आणि ती माणसं तिथेच शेती करून, लग्नं करून स्थायिक झाली. त्यांच्या भाषेतही याच शब्दाचं भावंड होतं आणि ते 'च्याशी', 'च्याबरोबर' या अर्थांनी सैल हाताने वापरलं जायचं. शेजार वाढला तसे शब्द मिसळले. तुमच्या मुलांच्या वाक्यातला पहिला शब्द, 'दे', हाही इंग्रजीत त्याच लोकांकडून आला आहे. पाच शब्दांच्या त्या वाक्याला किती जुनी शिवण आहे ते मुलांना सांगण्यासारखं आहे.

याच सुमारास इंग्रजीची नामं आपले विभक्तिप्रत्यय गाळत चालली होती. प्रत्यय गेले की त्यांचं ओझं सुट्या शब्दांवर पडतं. बाराव्या ते चौदाव्या शतकापर्यंत 'विथ'ने सोबतीचं काम घेतलं, मग हत्याराचं काम घेतलं, आणि 'मिद' भाषेतून नाहीसा झाला. त्याचा एक अवशेष मात्र आजही रोज वापरात आहे: 'मिडवाइफ', सुईण. यातल्या 'वाइफ'चा अर्थ बायको नाही, जुन्या अर्थाने बाई. बाळंतिणीसोबत असणारी बाई ती मिडवाइफ. भाषेने जुना शब्द टाकून दिला, पण बाळंतिणीच्या खोलीत तो राहू दिला.

'विथ'चा जुना अर्थही तसाच काही शब्दांत टिकून आहे, आणि ते शब्द सोलापुरात रोज कानावर पडतात. बँकेत 'विड्रॉल स्लिप' भरतो ना, तो 'विथड्रॉ'. यात 'विथ' म्हणजे 'दूर, मागे'. ओढून परत घेणं. परीक्षेच्या निकालात नावापुढे 'विथहेल्ड' आलं की घरात चूल पेटत नाही. निकाल मागे धरून ठेवला आहे. 'विथस्टँड' म्हणजे समोर पाय रोवून उभं राहणं, आणि हा शब्द तर जुन्या इंग्रजीतून जवळजवळ जसाच्या तसा आलेला आहे. या तिन्ही शब्दांत 'सोबत' लावून बघा, एकही उलगडणार नाही.

आणि न उलगडल्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याचे मालक माझ्याकडे एक पत्र घेऊन आले. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की आम्ही कळवेपर्यंत दुसरा लॉट 'विथहोल्ड' करा. ऑफिसातल्या मुलाने त्यात 'विथ' पाहिला आणि दुसरा लॉट पहिल्यासोबतच पाठवून दिला. माल परत आणायचा खर्च मालकांनी सोसला, मुलाला मात्र काढलं नाही, याचं मला फार बरं वाटलं होतं. तो मुलगा पुढे माझ्याकडे संध्याकाळच्या वर्गाला यायला लागला. त्याला मी पहिला शब्द हाच शिकवला.

'विदाउट'चीही गंमत आहे. त्याचा मूळ अर्थ 'बाहेर'. 'विदिन' आत, 'विदाउट' बाहेर, अशी ती जोडी. लंडन शहराच्या जुन्या तटबंदीवरून दोन वॉर्डांची नावं आजही आहेत: फॅरिंग्डन विदिन आणि फॅरिंग्डन विदाउट. एक तटाच्या आतलं, एक तटाबाहेरचं. आपण 'गावकुसाबाहेर' म्हणतो तसं. जे बाहेर आहे ते आपल्याकडे नाही, असं होत होत 'बाहेर'चा 'शिवाय' झाला. आपला 'शिवाय' तरी कुठे एका दिशेने चालतो? 'पाण्याशिवाय' म्हणजे पाणी नसताना, आणि 'शिवाय पाणीही दिलं' म्हणजे पाण्याची भर. आपल्याला त्यात काहीच खटकत नाही, कारण तो आपला आहे.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. आपण शाळेत 'विथ म्हणजे सोबत' असं घोकून घेतो आणि तिथेच घात करतो. 'विथ'ला मराठीत सगळ्यात जवळचा सोबती 'शी' आहे. शाळेत हा शब्द पहिल्यांदा येतो तेव्हाच फळ्यावर 'शी' लिहावा, 'सोबत' नंतर.

'शी' काय काय करतो ते बघा. दाराशी उभा आहे, उशाशी तांब्या ठेवला आहे: इथे लगत, जवळ. जुन्या इंग्रजीतल्या 'विथ'चाही एक अर्थ हाच होता. त्याच्याशी बोलले, तिच्याशी लग्न ठरलं, दुकानदाराशी सौदा केला: इथे दोघांचा व्यवहार. शेजाऱ्याशी भांडला, इंग्रजांशी लढला: इथे विरोध. 'इंग्रजांशी लढले' हे मराठी वाक्य ऐकून कुणी विचारतं का, की सोबत लढले का म्हणून? तुमच्या मुलांच्या डोक्यात हेच मराठी वाक्य होतं आणि त्यांनी ते 'विथ'ने इंग्रजीत उतरवलं. त्यांनी 'शी'ला 'विथ' लावला, आणि भाषेच्या इतिहासाने बघितलं तर इतकी नेमकी जोडी क्वचित जमते.

शाळेतलं विभक्तीचं कोष्टक आठवा. तृतीया: ने, ए, शी. 'ने' आणि 'शी' एकाच रांगेत कसे, हा प्रश्न मला विद्यार्थिनी असताना पडायचा. चाकूने कापणं आणि मित्राशी बोलणं यांत काय सारखं? त्याची मुळं संस्कृतात आहेत. पाणिनीने कर्ता आणि करण यांना तृतीया सांगितली आणि लगेच पुढच्या सूत्रात 'सह'च्या योगाने येणाऱ्या नामालाही तृतीयाच सांगितली. हत्यार हाही एक प्रकारे कामातला सोबतीच. इंग्रजीत 'विथ' सोबतीकडून हत्याराकडे गेला तो याच विचाराने. 'विथ अ नाइफ' म्हणताना चाकू हातात असतो, आपल्याबरोबर असतो.

आणि 'बरोबर' हा शब्द! मराठीत त्याचे तीन अर्थ: उत्तर बरोबर, वजन बरोबर, आईबरोबर. तो आला फारसीतून. फारसीत 'बर' म्हणजे छाती, 'बराबर' म्हणजे छातीला छाती. तिथे 'दर बराबर-ए' म्हटलं की 'च्या समोर, च्या पुढ्यात' असा अर्थ होतो. शत्रूच्या समोर उभं राहण्यालाही तोच शब्द. समोरासमोर, मग तोडीस तोड, मग शेजारी. आपण 'त्याची बरोबरी कोण करणार' म्हणतो तेव्हा स्पर्धा असते आणि 'माझ्याबरोबर चल' म्हणतो तेव्हा साथ असते. 'विथ'ने इंग्लंडात जो प्रवास केला, तोच 'बरोबर'ने इराणातून सोलापुरापर्यंत येताना केला. पाहुण्यांना हे एकदा शांतपणे सांगा. ते रागावणार नाहीत, रमतील.

सोलापुरात शिकवण्याचा एक मोठा फायदा आहे, तो पुण्यात मिळत नाही. एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी मुलं बसतात आणि 'विथ'शी प्रत्येकाचं नातं वेगळं असतं. साखर पेठेकडून येणाऱ्या पद्मशाली घरांतल्या मुलांना हा शब्द सगळ्यात लवकर वश होतो, कारण तेलुगूत 'तो' हा एकच प्रत्यय सगळं करतो. अन्नतो वच्चानु, भावासोबत आलो. अन्नतो कोट्लाडानु, भावाशी भांडलो. कत्तितो कोसानु, सुरीने कापलं. सोबत, विरोध, हत्यार, तिन्ही 'तो'मध्ये. त्यांनी फक्त 'तो'च्या जागी 'विथ' ठेवायचा.

कन्नडमध्ये सोबतीला 'जोते' आणि हत्याराला 'इंद', आणि हाच 'इंद' 'सोलापुरदिंद' म्हणजे सोलापुराहून यातही येतो. दखनीतला 'से' तर तिथूनही येतो, हत्यारही धरतो आणि भांडतोही. म्हणून या मुलांच्या वहीत 'कट फ्रॉम नाइफ' सापडतं. मराठी मुलांची चूक निराळी. त्यांच्या कानात 'ने' असतो. बसने आले, चाकूने कापलं, शिपायाने आणलं, तिन्हीकडे 'ने'. मग बसला 'बाय' लागतो तसा चाकूलाही लावून मोकळी होतात: 'आय कट द मँगो बाय नाइफ'. मी वहीत लाल रेघ मारण्याआधी मुलाची घरची भाषा विचारते. चूक कुठल्या वाटेने आली ते कळलं की परत जायची वाट दाखवता येते.

'बाय' आणि 'विथ'मधला फरक मुलांना मी असा सांगते: जे हातात धरून वापरलं ते 'विथ', ज्याने केलं तो 'बाय', आणि ज्या रीतीने झालं तेही 'बाय', पण मग पुढे 'अ' किंवा 'द' येत नाही. पत्र कारकुनाने लिहिलं, बाय द क्लार्क. पेनाने लिहिलं, विथ अ पेन. टपालाने पाठवलं, बाय पोस्ट. मात्र 'द लेटर वॉज रिटन विथ द क्लार्क' असं एखाद्याने लिहिलं तर त्याला मूर्ख म्हणू नका. चारशे वर्षांपूर्वी हे चालत होतं. शेक्सपिअरच्या नाटकांचा जो मोठा संग्रह १६२३ साली छापला गेला, त्यातल्या एका नाटकात अस्वलाने माणूस फाडल्याची बातमी सांगताना 'विथ अ बेअर' असंच म्हटलं आहे. त्याच काळात कर्त्याला 'ऑफ'ही लागायचा. पुढे 'बाय'ने कर्त्याची जागा पक्की केली आणि 'विथ'कडे हत्यार उरलं. आपला 'ने' आजही दोघांना सांभाळतो.

'शी'चा हात धरून चालताना दोन-तीन ठिकाणी मात्र ठेच लागते, तिथे मुलांना आधीच सावध करा. आपण 'त्याच्याशी लग्न' म्हणतो, पण इंग्रजीत 'मॅरी'पुढे थेट माणूस येतो, 'विथ' नको. 'आईशी साम्य' असलं तरी 'रिझेम्बल'लाही नको. 'अॅग्री विथ' माणसाशी किंवा त्याच्या मताशी, आणि प्रस्ताव मान्य केला तर 'अॅग्री टू'. 'पार्ट फ्रॉम' माणसापासून, 'पार्ट विथ' वस्तूपासून. या दुसऱ्यात पुन्हा तो जुना ताटातुटीचा 'विथ' डोकावतो असं मला नेहमी वाटतं. 'मेट विथ अॅन अॅक्सिडेंट' हे आपल्या वर्तमानपत्रांचं लाडकं वाक्य, त्यात अपघात समोर आला, गाठ पडली, हा भाव आहे. चुकीचं काही नाही.

माल विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या शाळेत कारखानदारांची आणि छोट्या उद्योगांची मुलं बरीच असतील. चादर 'मेड ऑफ कॉटन', कारण सूत सूतच राहतं, हाताला लागतं. शेंगा चटणी 'मेड फ्रॉम ग्राउंडनट्स', कारण शेंगदाण्याचं रूप पालटतं. आणि 'मेड विथ गार्लिक', कारण लसूण तिच्यातल्या अनेक गोष्टींपैकी एक आहे. वेष्टनावर 'मेड विथ कॉटन' लिहिलं तर गिऱ्हाईक विचारणार, आणखी काय मिसळलंय? शंभर टक्के सुती चादरीवर असा संशय ओढवून घेणं मला बघवत नाही. एका घरच्या लेबलांचा पूर्ण गठ्ठा मी छापण्याआधी थांबवला होता.

कोरोनाच्या काळात 'डाइड ऑफ' आणि 'डाइड विथ' यांवर जगभर वाद झाले ते तुम्हाला आठवत असतील. 'ऑफ' म्हणजे त्या रोगाने मेला, 'विथ' म्हणजे मरताना तो रोग अंगात होता. दोन अक्षरी, चार अक्षरी शब्द, पण मृत्यूच्या नोंदीत त्यांनी फरक पडतो. 'डाउन विथ फीव्हर' आणि 'डाउन विथ इम्पिरिअॅलिझम' ही जोडीही वर्गात घ्या. पहिल्यात माणूस तापाने अंथरुणाला खिळलाय. दुसऱ्यात 'साम्राज्यवाद मुर्दाबाद'. शब्द तेच, पण एकात 'विथ'पुढचा ताप माणसाला खाली पाडतो आणि दुसऱ्यात 'विथ'पुढच्यालाच खाली पाडायचं आहे. १९३० च्या सोलापूरबद्दल फलक लिहिणाऱ्या मुलांना हे दुसरं वाक्य लगेच कळेल.

राहिला फलक. तो पुसून टाकू नका, त्याच मुलांकडून पुन्हा लिहून घ्या. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वज बघायला बाहेरगावची माणसं येतात, त्यांतली काही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशीही थांबतात. त्यांनाही कळेल असं लिहू. पहिलं वाक्य: 'दे फॉट अगेन्स्ट ब्रिटिश रूल.' 'द ब्रिटिश'पेक्षा 'ब्रिटिश रूल' बरं, कारण लढा राजवटीशी होता. दुसरं: 'द पीपल ऑफ सोलापूर स्टुड विथ देम.' इथे 'विथ' सोबतीचा, आणि कुणालाही शंका येणार नाही असा. तिसऱ्या वाक्यासाठी मुलांना थोडा वेळ द्या, त्यांनाच शोधू द्या. नाहीच सुचलं तर सांगा: 'इन मे १९३०, द सिटी विथस्टुड मार्शल लॉ.' मग विचारा, या शब्दात 'विथ' कुठला ते.